मिलोइकाच्या मापाचं हँडल

मिलोइकाची सायकल फेर्डोनेच तिच्या मापाची केली होती. मिलोइका, माझी बायको, अंगाने बारीक आणि डोंगरी सायकलींची हँडलं ही एवढी रुंद. फेर्डोने तिला आपल्या सायकलदुकानाच्या फरशीवर जोर काढायला लावलं, तळवे टेकले तिथे खडूने खुणा केल्या आणि त्या मापाने हँडलची दोन्ही टोकं करवतीने उडवली. "आता खाणीच्या बोगद्यातूनसुद्धा सुटशील, वहिनी," म्हणाला. ते बोटभर तुकडे तिने घरी आणून खिडकीतल्या कुंडीत गंमत म्हणून खोचले.

हिवाळ्यात ती गेली.

वसंतात आमच्या चर्ना गावात पाद्री सायकलींना आशीर्वाद देतात. त्या वर्षी गेलेल्याची सायकल घरचं माणूस हाताने धरून सगळ्यांच्या पुढे नेतं. म्हणून मी ती साफ करायला फेर्डोकडे दिली.

आशीर्वादाच्या सकाळी आणायला गेलो, हँडल धरलं, तर हात चुकले. तिच्या आजारपणात चढावर सायकल मीच ढकलायचो. हँडलच्या रबरी मुठी कुठे असतात ते हातांना ठाऊक होतं.

"हे काय रे?"

"नवं बसवलं. त्याच बनावटीचं, फक्त न कापलेलं. माझी भाची त्याशा आलीय ना, तिच्यासाठी. तिचे खांदे बघितलेस? पोहणारी पोर! नुसती उभी सायकल गंजते, आंझा."

"जुनं कुठाय?"

"भंगारात. अरे, तोंड काय पाडतोस? वहिनीला आता कुठे..."

मी घरी गेलो, कुंडीतले तुकडे उपसले आणि मातीसकट त्याच्या टेबलावर ठेवले.

"एवढं काप."

"वेडा झालास का लेका? मग त्याशा कशी चालवणार? शब्द दिलाय मी तिला. वाटलं, आशीर्वाद झाला की तू देऊनच टाकशील."

"मला विचारलंस?"

"तू बोलतोस कुणाशी हल्ली?"

चर्चची घंटा सुरू झाली. मी खिळ्यावरची करवत काढली, मुठी उपसल्या, ब्रेक आत सरकवले, जुने तुकडे लावून खुणा केल्या. फेर्डो हँडल धरायला पुढे आला.

"हात लावू नकोस."

एक काप वाकडा गेला. पण मुठी चढवल्या आणि हात जिथल्या तिथे बसले. जुने तुकडे मी खिशात घातले, नवे त्याच्या टेबलावर राहू दिले.

चर्चच्या रस्त्यावर फेर्डो माझ्या शेजारी चालायला आला. मी बाजू बदलली आणि सायकल दोघांच्या मधे घेतली.