पेटीतलं कालवण

ज्ञानदेवआबांना कुणी “उघडू नका” म्हटलं की संपलंच! माणूस लाखातला, पण हाताला मेली चैन नाही. मुरत घातलेलं लोणचं रोज उघडून बघायचे, आणि बुरशी आली की सुनेनं मीठ कमी घातलं म्हणायचे.

आणि नेमकी त्यांच्याच ताब्यात शालननं पेटी दिली.

तेव्हा रॉकेलची टंचाई होती. आबांची सून शालन महिला मंडळातून नवंच खूळ शिकून आली. कालवणाला सणसणीत उकळी आणायची, पातेलं भाताच्या तुसानं भरलेल्या पेटीत दाबून बसवायचं, वर गोधडी, वर झाकण. विस्तव नाही, जाळ नाही, आतल्या आत शिजतं म्हणे! पेटी मिळाली कंपनीतली, मशीन पॅक करून आलेली. शालनचा नवरा विलास ती सायकलवर बांधून कासारवाडीला घेऊन आला होता.

खुळामागं कारण होतं. शालनला चिंचवडच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला घेत होते. विलासची अट एकच, आबांना दुपारी गरम जेवण मिळालं पाहिजे. “आज ट्रायलला जा. पण मी पहिली पाळी करून येईन तवा कालवण शिजल्यालं पाहिजे. न्हाईतर नोकरीचं नाव काढायचं न्हाई.”

शालननं पहाटे चवळीचं कालवण उकळून पेटीत ठेवलं, भाकऱ्या टोपलीत झाकल्या, इस्त्रीचं लुगडं नेसली आणि निघताना आबांचे पाय धरले. “आबा, उघडू नका हां. माझं सगळं त्यात हाय.”

“मी कशाला उघडतोय?” आबा म्हणाले, आणि त्या घडीला ते खरंच बोलत होते.

आधी त्यांनी नुसता कान लावला. आवाज नाही. नाक लावलं, वास नाही. लाकडाला हात लावला तर गार. आता चुलीवरचं कालवण कसं रटरटतं, बोलतं, माणसाला कळतं तरी! हे गप का? आत शिजतंय का निवलं? अखेर त्यांनी गोधडीचं टोक उचललं, मग झाकण. भस्सकन वाफ तोंडावर आली. “आयला! जाळ न्हाई अन् वाफ हाय!” आबा पोरासारखे हरखले.

असली गंमत एकट्यानं बघून कसं चालेल? शेजारच्या खंडूला हाक मारली. खंडूचा विश्वास बसेना, म्हणून त्याला दाखवली. त्यानं दाणा चावला, म्हणाला, अजून कच्चा आहे. मग किती शिजला ते बघायला पुन्हा उघडली. मग पुन्हा.

दुपार कलली तेव्हा बोट बुडवलं, तर कालवण कोमट. दाणा दाताखाली कटकन वाजला.

पोरीची नोकरी आपण खाल्ली! सकाळचा तिचा चेहरा आठवला आणि आबांना स्वतःचीच लाज वाटली. विलास यायला फार वेळ नव्हता. त्यांनी वातीचा स्टो पुढ्यात ओढला. उभ्या जन्मात या माणसानं चहासुद्धा केला नव्हता. काड्या वाया गेल्या, बोट भाजलं, वाती वर चढवल्या त्या खाली येईनात, धुरानं डोळे चुरचुरले. पण चवळी रटरटली. मऊ झाल्यावर पातेलं पेटीत, गोधडी, झाकण, आणि आबा मुकाट दारात जाऊन बसले.

विलासनं भुरके मारत दोन भाकऱ्या खाल्ल्या. “शिजलंय की राव! जाऊ दे तिला.”

संध्याकाळी शालन आली. विलासचा होकार ऐकून तिला काय करू अन् काय नको झालं. गाणं गुणगुणत ती पातेलं घासायला मोरीत गेली आणि थबकली. जर्मनचं पातेलं, तिनं सकाळी उकळी आल्यावर बूड लख्ख पुसून पेटीत ठेवलेलं, बुडाशी काजळीनं काळंठिक्कर झालं होतं.

ती उठून आत आली. आबांनी मान खाली घातली.

“कितीदा उघडली?”

“लई येळा.”

“अन् स्टो?”

आबांनी भाजलेलं बोट पुढं केलं. शालनला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. या घरात आजवर कुठल्या पुरुषानं तिच्यासाठी काडी पेटवली नव्हती.

आबा दाराकडं बघत हळूच म्हणाले, “पोरी, त्या पेटीचं माझ्यानं व्हायचं न्हाई. तू सोमवारपासून कामावर बिनघोर जा. तेवढ्या वाती खाली कशा घ्यायच्या ते दाव मला.”