पेटीला टेकलेला मीटर

साहेबांनी मीटर पेटीला असा टेकवला, जणू परक्याच्या आजारी पोराच्या कपाळाला हात लावत होते. काटा क्षणभर थरथरला आणि शून्यावर निजला.

"शून्य. लिही," म्हणत त्यांनी पेटीवर कोपर रोवलं.

तंत्रज्ञाने पेन उचललं नाही. वेल्डिंगचे जोड तपासायचा गॅमा किरणांचा स्रोत या जाड पेटीतून नेत-आणत. पेटी पुढच्या कामावर धाडण्यापूर्वी तिच्या पृष्ठभागावरची किरणांची मात्रा नोंदवणं त्याच्याकडे होतं. आज ती ड्रायव्हर असलेल्या त्याच्या मामाच्या गाडीत, मामाच्या पाठीपासून हातभर अंतरावर, सहा तास बसणार होती.

साहेबांच्या बढाया तो वर्षभर खालमानेने ऐकत आला होता. पण हे शून्य त्याला गिळवेना. ओसाड माळावरही काटा किंचित हलतो. माती आणि आकाशही कधी पुरते गप्प नसतात. मग स्रोत पोटात असलेल्या पेटीपाशी एवढं मौन? किरणांचा मारा झेपेनासा झाला की हा जुनाट मीटर मुका होतो, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. तेव्हा साहेब पहिल्या रांगेत घोरत होते.

"साहेब, बाजूला व्हा."

"अक्कल पाजळू नकोस. वीस वर्षं झाली मला या कामात."

"झोपेतही वर्षं जातातच," तो पुटपुटला. मीटर उचलून तो दाराकडे उलट पावली सरकू लागला. पाचव्या पावलावर काटा जागा झाला आणि थेट उजव्या टोकाला जाऊन आपटला.

"बिघडलाय तो," साहेब म्हणाले; कोपर मात्र गुपचूप उचललं गेलं. "शून्यच लिही. उशीर होतोय."

मामा दारात आला. "काय रे, घालू का गाडीत?"

"नको मामा. आत येऊ नकोस. स्रोत पेटीत पुरता शिरलेलाच नाही."

मामाने साहेबांना न्याहाळलं. "मग साहेबच नेतील की मांडीवर घेऊन."

साहेब एव्हाना मामाला ढकलून बाहेर सटकले होते. एवढ्या थोरल्या पोटात इतकी चपळाई दडली असेल, असं कुणाला वाटलं नसतं. पळताना त्यांनी कुणाला सावध केलं नाही, दारही उघडंच टाकलं.

तंत्रज्ञाने मामाला लांब नेलं, बाहेरून कुलूप घातलं आणि तक्ता भरला. पृष्ठभागावरची मात्रा: मोजता आली नाही, मीटर मुका झाला. पेटीला टेकून उभे: साहेब, चार मिनिटं.

"तीन लिही रे," व्हरांड्याच्या टोकाकडून साहेबांचा आवाज आला. "तीनच झाली असतील."

त्याने चारच ठेवली.