लोखंडी रेला

"एकच गाणं. अन् पाय थांबले, तं ढोल खाली," बापूराव मेटॅडोरच्या फाळक्याला टेकून म्हणाला. "मंग तू काई बोलायचं नाई, मी काई बोलणार नाई."

"मी कुठी काई बोललो," दसरू म्हणाला आणि ढोलाची दोरी ताणत राहिला.

मे महिन्याचं चारचं ऊन. आलापल्लीच्या बसस्टँडपासून नवरीच्या मांडवापर्यंत वरात जायची होती. नवरदेव मिथुन मुलचेऱ्याकडचा. त्याने मोबाइलवर दसरूचं आणि दीपिकाचं गाणं ऐकलं होतं, आणि सुपारी देतानाच सांगून ठेवलं होतं की ते वरातीत वाजलं पाहिजे. वरातीत वाजवणाऱ्या धुमाल पार्टीचा मालक बापूराव. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण असल्या गाण्यावर वरात नाचणार नाही याची त्याला धास्ती होती, तो सगळा राग दसरूवर निघाला.

तशी ती अट जुनीच. धुमाल पार्टीत पुढचा ढोल एकाचाच असतो. ताशे, झांजा, कॅसिओ, सगळे त्याच्या मागून चालतात. आणि तो स्वतः चालतो नाचणाऱ्यांच्या पायांमागून. तो तोंडं बघत नाही, पाय बघतो. पाय दमले की हात सैल सोडायचा, पाय पेटले की हात पेटवायचा. त्याच्यापुढे पायच थांबले, तर त्याने गुमान ढोल उतरवायचा आणि मागच्याच्या खांद्यावर टाकायचा. पोचूबुढ्याचा ढोल असाच दसरूकडे आला होता, बावीस वर्षांखाली. पोचू त्यानंतर कुठल्या वरातीत दिसला नाही. बकऱ्या राखता राखता मेला.

दसरूचं पंक्चरचं दुकान होतं. दुकानात त्याला कोणीही 'ए दसऱ्या, हवा भर' म्हणायचं. ढोल खांद्यावर चढला की तोच माणूस 'दसरूभाऊ, जरा इकडं या' म्हणायचा. आता ढोल गेला तर मागे काय राहणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

ही दीपिका गावातलीच. चंद्रपूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, शनिवारी गावी यायची. येताना पाठीवर गिटार. एकदा तो तिच्या स्कूटीचं पंक्चर काढत असताना तिने त्याच्या कानात इअरफोन घातला होता. पावर मेटल म्हणाली, परदेशी गाण्यांचा एक प्रकार. आत गिटार नुसती उधळलेली, ढोल दोन्ही पायांनी बडवल्यासारखा, आणि एक माणूस गळ्याच्या शिरा तुटेस्तोवर वर चाललेला.

"त्याले कोणी मारून राह्यलं का?" दसरूने विचारलं होतं.

"गाऊन राह्यला, भाऊ. लढाईले निघाला तो."

"मंग पोचते का?"

"पोचते. या गाण्याईत सगळेच पोचते."

दसरूने हसत ट्यूब पाण्यात बुडवली. पण हात पाण्याच्या टपावर ठेका धरून बसला होता. रेला या गोंडी नाचाचा ठेका, हातात हात घालून गोल फिरताना त्याच्या आईबापांनी धरलेला. तो त्या पळत्या गिटारीखाली बरोबर बसला. दीपिका बघतच राहिली.

मग आठ महिने, दर रविवारी, बंद राइस मिलच्या गोदामात दोघांचं चाललं. धंदा नव्हता तो, बाजूचा नाद होता. नाव दीपिकाने ठेवलं, लोखंडी रेला. तिच्या बाकीच्या गिटारी कॉम्प्युटरात भरलेल्या. त्यांच्याशी जुळायला दसरूच्या कानात टिकटिक वाजायची. ती टिकटिक कोणासाठी थांबत नव्हती. दसरूला तेच आवडलं. बावीस वर्षं लोकांच्या पायांची मर्जी राखलेला माणूस, पहिल्यांदा गाण्याच्या मर्जीने वाजवत होता.

त्यात एक चूक झाली. त्या आठ महिन्यांत त्यांच्यासमोर फक्त गोदामाची भिंत होती. पाय नव्हते.

हे त्याच्या ध्यानात आलं ते भर रस्त्यावर, गाणं सुरू होऊन अर्धं मिनिट झाल्यावर.

सुरुवातीला पोरं उड्या मारत आली. शिट्ट्या झाल्या. पण टिकटिक पळत होती आणि डांबर तापलेलं. आधी बायांच्या चपला थांबल्या. मग जोडे घातलेले काके, मामे. पोरांच्या उड्या विरत गेल्या.

"भाऊ, पाय पाहा," मागून बिरजू बोलला. दुसरा ढोल त्याचा. दोन लेकरांचा बाप, हात चांगला.

दसरूला दिसत होतं. हात थोडा सैल सोडला असता तर पाय परत आले असते, हे त्याला झोपेतही कळलं असतं. पण ढोल मागे पडला की कॉम्प्युटरातल्या गिटारी पुढे निघून जाणार, गाण्याचं चाक निखळणार. मेटॅडोरवर दीपिका डोळे मिटून उभी होती. तिचा गळा चढणीला लागला होता. अजून पोचायची होती.

दसरूने मान वर केली. बावीस वर्षांत वाजवताना पहिल्यांदा.

पुढे कोणी नाचत नव्हतं. सगळे उभे होते आणि त्याच्या हातांकडे बघत होते. एका म्हातारीचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिने सावरला नव्हता. त्याने गाणं शेवटच्या टोल्यापर्यंत नेलं.

मग नुसता जनरेटर वाजत राहिला. टाळी पडली नाही. नवरदेवाचा मामा गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसत म्हणाला, "नाचता नाई आलं बा."

"थांबले," बापूराव म्हणाला.

"हो."

"ते ऐकून राह्यले होते, काका," दीपिका वरून म्हणाली.

"मले दिसते ना पोरी. मीबी ऐकलं. पण लग्न होय हे."

"राहू दे, दीपिका," दसरू म्हणाला. "बोल झालता आमचा."

त्याने ढोल उतरवला. बिरजू त्याच्याहून उंच, म्हणून दोरी दोन बोटं सैल केली आणि ढोल त्याच्या खांद्यावर टाकला.

"भाऊ, मले नाई जमत."

"जमते."

तो दुकानाच्या रस्त्याला लागला. वीसेक पावलं गेला असेल. मागे ढोल सुरू झाला आणि अडखळला. परत सुरू झाला, परत अडखळला. दसरूने वळून पाहिलं. लोक घामाने निथळत जागच्या जागी उभे, आणि बिरजू रिकाम्या डांबराकडे बघत वाजवत होता. त्याला एकही पाय मिळत नव्हता.

दसरू परत आला. चपला कडेला काढल्या आणि बिरजूच्या समोर जाऊन उभा राहिला. बिरजूची मान खालीच होती. दसरूने रेल्याचं पाऊल टाकलं. अनवाणी, तापल्या डांबरावर, आणि बिरजूला झेपेल तेवढंच हळू.