सूचनापेटीत सापडलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी सूचनापेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला इतके शहाण्यासारखे बसलात, तर तुमच्याही मनात काहीतरी असणार असंच मला वाटतं. पण तो माझा स्वभाव आहे. त्याला इलाज नाही.

वह्यांच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कागदाचे गठ्ठे ज्या फळकुटांवर येत, त्यातलीच चार उरलेली फळकुटं घेऊन सुताराने मला जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने ठोकलं. आत एक खिळा वाकडा राहिला. तो मला आजतागायत टोचतो. वर चिठ्ठीपुरती फट आणि पुढे पितळी कुलूप. किल्ली एकच, आणि ती मालकांच्या खिशात. मालक कुठल्याशा सभेला जाऊन आले होते. तिथे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की नव्या कल्पना कामगारांकडूनही येतात. मला शिलाई खात्याच्या दाराशी, पाण्याच्या नळाशेजारी टांगलं आणि मालक म्हणाले, "मनात येईल ते लिहा. अगदी बिनधास्त."

बिनधास्त लिहायला सांगायचं आणि वर कुलूप लावायचं! मला तेव्हाच शंका आली.

लोकांनाही आली असावी. चिठ्ठी टाकणारा माणूस आधी डावीकडे बघे, मग उजवीकडे, आणि मग पाणी प्यायला आल्याचं सोंग करी. नाव कुणीच लिहीत नसे. पहिल्या महिन्यात सात चिठ्ठ्या आल्या. चार चहा पातळ असल्याच्या, दोन मुकादमाच्या शिट्टीबद्दल, आणि एका चिठ्ठीवर नुसतंच मुकादमाचं चित्र होतं. ते हुबेहूब होतं. दर शनिवारी मालक आणि मुकादम मला उघडत. चित्र पाहून मुकादमाने पंधरा दिवस सगळ्यांची बोटं तपासली, कुणाच्या बोटाला निळी शाई दिसते का म्हणून. वह्यांच्या कारखान्यात शाई कुणाच्या बोटाला नसणार?

तिसऱ्या वर्षी कारखान्यावर वाईट दिवस आले. पलीकडच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने गुळगुळीत पुठ्ठ्याच्या वह्या बाजारात आणल्या आणि आमच्या मागण्या निम्म्यावर आल्या. मालकांनी एक सल्लागार बोलावला. त्याचे बूट टोकदार होते आणि तो माझ्यासमोर उभा राहून माझ्याकडे न बघता बोलायचा. "नावीन्य वरून खाली झिरपतं," तो म्हणायचा. त्याच्या मते नवीन म्हणजे नवं यंत्र. शिलाई बंद करायची, पानं डिंकाने चिकटवणारं यंत्र आणायचं. शिलाई खात्यात अकरा बायका होत्या. त्या नळावर पाणी भरताना हे सगळं ऐकत, आणि मग हंडा भरून वाहायला लागला तरी नळ बंद करायचं त्यांना भान राहत नसे.

त्याच दिवसांत कटिंगवाल्या काकांच्या हातून एक चूक झाली. कागदाचा गठ्ठा त्यांनी उभा ठेवायचा तो आडवा ठेवला. त्यामुळे वहीची शिवण डाव्या बाजूला यायची ती वरच्या बाजूला आली. वही पुस्तकासारखी उघडायच्या ऐवजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखी वर उलटायला लागली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत तीनशे वह्या शिवून झाल्या होत्या. काकांनी हे मुद्दाम केलं असणार, असं मला वाटलं. पण त्यांचा चष्मा फुटला होता, एवढंच खरं होतं.

खराब माल रद्दीत जायचा. कारखान्याचा नियमच होता की फाटकं पानसुद्धा फाटकाबाहेर न्यायचं नाही. रोज संध्याकाळी मुकादम सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करून बघायचा.

आणि एका सकाळी, भोंगा व्हायच्या आधी, शिलाई खात्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पदराआडून त्या तीनशेंपैकी एक वही काढली, उभी दुमडली आणि माझ्या फटीतून आत कोंबली. वही जाईना. मावशींनी तळव्याने दाबली. माझी फट एका बाजूने तासली गेली. ती खूण अजून आहे.

मित्रांनो, आता खरं सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझ्या मनात आलेला पहिला शब्द होता, चोर! वही घरी नेली, वापरली, आता पकडली जाईल म्हणून माझ्या पोटात लपवते आहे. कुणाला विचारलं नाही, काही वाचलं नाही. सरळ ठरवून मोकळी झाले.

शनिवारी मुकादमही तेच म्हणाला. "साहेब, चोरीचा माल! सापडला की नाही?" वहीत कुणा मुलीच्या अक्षरात धडे लिहिलेले होते. मालकांना सल्लागाराकडे जायची घाई होती. त्यांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "तुम्हीच बघा काय ते."

मुकादमाने बघितलं. त्याने अकराही बायकांना फर्मान काढलं, की घरातल्या पोरांच्या वह्या घेऊन या, अक्षर ताडून बघायचं आहे. सोमवारी अकराही जणी रिकाम्या हाताने आल्या. "वह्या शाळेत तपासायला दिल्यात," पहिली म्हणाली. दुसरीही तेच म्हणाली. अकरावीला मूलबाळ नव्हतं, तरी तीही तेच म्हणाली. मुकादमाने दात ओठ खाल्ले आणि मालकांकडून किल्ली मागून आणून ती वही पुरावा म्हणून पुन्हा माझ्यात ठेवून कुलूप लावलं.

अशी ती पंधरा दिवस माझ्याकडे राहिली. दुमडलेली वही हळूहळू उलगडत गेली आणि मला वाचता आली. पहिल्या पानांवरचं अक्षर बिचकत लिहिलेलं होतं. पुढे ते मोठं झालं, मोकळं झालं. मग शेवटचं पान वाकड्या खिळ्यापाशी येऊन टेकलं. त्यावर लिहिलं होतं:

"आजी, या वहीत माझा हात अडत नाही. नेहमीच्या वहीत मधला उंचवटा हाताखाली येतो आणि बाई म्हणतात अक्षर घाण. यात बाईंनी शाबास दिलं. आमच्या वर्गात आणखी तीन जण डावखुरे आहेत. त्यांना पण हवी."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! मावशींनी काही लपवलं नव्हतं. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी माझ्यासाठीच आणलं होतं. सांगण्यासाठीच तर मला टांगलं होतं ना? आणि आता सगळं ठाऊक असूनही मला बोलता येत नव्हतं.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. मालकांनी सगळ्यांना नळापाशी गोळा केलं. सल्लागार शेजारी उभा होता. एक तारखेला यंत्र येणार, शिलाई खातं बंद होणार, असं मालकांनी कागदावरून वाचून दाखवलं. वर बघून बोलायचा त्यांना धीर झाला नसावा.

मग मावशी पुढे आल्या.

"साहेब, पेटी उघडा."

"आता काय त्याचं, मावशी?"

"त्यातली वही माझ्या नातीची आहे. मीच नेली होती."

"बघा!" मुकादम ओरडला. "मी म्हणत नव्हतो?"

"मला काढायचं तर काढा," मावशी म्हणाल्या. "तसंही काढणारच आहात. पण आधी शेवटचं पान वाचा."

मालकांनी वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. सल्लागार हसला. "हे काय, चुकलेला माल आहे." तेवढ्यात ऑफिसातल्या टंकलेखक बाई पुढे झाल्या, त्यांनी मालकांच्या हातातून वही घेतली आणि कोऱ्या जागेत दोन ओळी लिहिल्या. डाव्या हाताने.

"साहेब, मला अशा दोन वह्या द्या," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी वही तिरकी धरून लिहितेय. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"पेटीत टाकली होती की चिठ्ठी. पहिल्याच महिन्यात. मुकादम म्हणाले, खोड्या काढतात लोक."

माझ्याकडे सात चिठ्ठ्या आल्याचं मी सांगितलं होतं. ही आठवी. ती माझ्याही लक्षात राहिली नव्हती.

पानं पार मागे उलटली तर डिंक सुटतो, शिवण सुटत नाही. म्हणून वर उलटणाऱ्या वहीला शिलाईच लागते. मालकांनी तशाच वह्या काढायचं ठरवलं आणि शिलाई खातं वाचलं. पहिल्या वह्या शाळांमध्ये गेल्या. मग रुग्णालयातल्या परिचारिकांनी मागितल्या, कारण उभ्या उभ्या एका हातावर धरून लिहिता येतं. त्याचा विचार तर मावशींनीही केला नव्हता. नवी गोष्ट कधी चुकीतून येते, कधी पोरीच्या अडणाऱ्या हातातून, आणि एकदा आली की कुठल्या घरात शिरेल सांगता येत नाही. सल्लागाराने अहवालात लिहिलं की ही कल्पना त्याने घेतलेल्या बैठकीत निघाली. मालकांनी तो अहवाल चौकटीत लावला.

आणि मावशींना माफी मिळाली. "या वेळेपुरती," मुकादम म्हणाला.

पिशव्या मात्र पहिल्यासारख्याच उलट्या होत राहिल्या. मावशींचीसुद्धा. ज्या वर्षी त्यांची वही सगळ्यात जास्त खपली, त्या वर्षीसुद्धा.

त्यानंतर त्या नऊ वर्षं तिथे होत्या. नळावर रोज यायच्या. माझ्यात त्यांनी पुन्हा काहीही टाकलं नाही. कामाच्या शेवटच्या दिवशी त्या बरोबरच्या बाईंशी बोलत होत्या, ते मी ऐकलं.

"अजून तीन-चार गोष्टी होत्या गं डोक्यात."

"मग सांगायच्या की!"

"जाऊ दे. आधी पिशवी बघतात."

एवढं बोलून त्यांनी हंडा खाली ठेवला, पिशवी उलटी करून दाखवली आणि त्या गेल्या.

आता मी जिन्याखाली असते. माझ्यावर केरसुण्या ठेवतात. कारखान्यात काचेची खोली झाली आहे, तिथे रंगीत चिठ्ठ्या चिकटवून लोक नवं काहीतरी शोधत बसतात. मिळो बापडं त्यांना. मला शंका आहेच. पण मित्रांनो, माझ्या सगळ्या शंकांमध्ये एकच शंका मला खरोखर छळते. त्या तीन-चार गोष्टी काय होत्या? म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणी पदराआडून काही काढून तुमच्यासमोर ठेवलं, तर त्याला काय म्हणायचं ते नंतर ठरवा. आधी शेवटच्या पानापर्यंत वाचा. मी वाचलं, पण आधी चोर म्हणून बसले होते.