साडेतीनची तहान

दाजींचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि दाजी आपल्या छोट्या कारखान्यात बसून त्यांवर दात बसवत. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू चाळीस वर्षं त्यांच्याच हातचं होतं. माणूस इतका काटेकोर, की चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचा. बायको म्हणायची, "अहो, साखर आहे ती, सोनं नाही." पण स्वभावाला औषध नाही.

दाजी हे नाव त्यांना मेहुण्यामुळे पडलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं भर रस्त्यात, बसच्या खिडकीतून डोकं काढून "ओ दाजी!" अशी हाक मारायला सुरुवात केली आणि मग सगळ्या गावानं ती उचलली. तो बस चालवायचा. आवाज असा, की शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाला भोंग्याशिवाय उठवावं. दाजी मुंगीच्या पावलांनी चालणारे आणि हा आला वारा, गेला वारा. या दोघांचं पटतं कसं, हे कोडं दाजींच्या बायकोला लग्नापासून सुटलं नव्हतं.

उत्तर खरं तर धक्क्यावर बांधलेलं होतं. वीस फुटी लाकडी होडी, एक डोलकाठी, एक मोठं शीड, एक लहान. वय दोघांपेक्षाही जास्त. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ती घेतली. मेहुण्याची ड्युटी तीनला सुटायची, साडेतीनला तो धक्क्यावर हजर. म्हणून होडीचं नाव ठेवलं 'साडेतीन'. लोक नावाचा अर्थ विचारत, मेहुणा प्रत्येकाला नवी थाप मारी.

लाकडी होडी बाळगणं म्हणजे काय, ते ज्यानं बाळगली त्यालाच कळतं. दरवर्षी खरवडा, घासा, वॉर्निश लावा, वाळू द्या, पुन्हा घासा. शेजारी एकाची फायबरची बोट होती. तो म्हणायचा, "तुम्ही होडी वापरता की होडी तुम्हाला?" दाजींना यात वावगं काही वाटत नसे. मऊ झालेल्या काठावरून तळहात फिरवताना त्यांना जे सुख व्हायचं, ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, तिचा गैरसमज होईल म्हणून. आणि मग दोर सुटायचा, शीड फडफडून भरायचं, होडी एका अंगाला जराशी कलायची, आणि पातळ फळीच्या पलीकडून पाणी बोलायला लागायचं. मेहुणा सुकाणू धरून म्हणायचा, "दाजी, दिवसभर ठरलेला रस्ता, ठरलेले स्टॉप. इथे बघा, बेल मारणारं कुणी नाही!" खाडीच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. पण रविवार असो की कामाचा दिवस, ते दोन तास दोघांचे होते.

तीन वर्षांपूर्वी मेहुण्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तो आत बेशुद्ध असताना दाजी बाहेरच्या बाकड्यावर बसून होते. तिथे त्यांनी मनाशी ठरवलं: हा बरा होईपर्यंत 'साडेतीन'ला एकट्यानं हात लावायचा नाही. चांगला विचार होता, यात शंका नाही. पण चांगल्या विचारांनी जगात जेवढं नुकसान झालंय तेवढं वाईट विचारांनीही झालं नसेल. दाजींनी होडी पाण्याबाहेर काढून शेडमध्ये ठेवली. वर पत्रा, खिडक्या बंद, अंगावर चादर, ओल धरू नये म्हणून एक टेबलफॅन. दर रविवारी जाऊन बाहेरून फडक्यानं पुसायचे. मेहुण्याला बरं व्हायला वर्ष-सहा महिने लागतील असं वाटलं होतं, लागली तीन वर्षं. दाजी दर रविवारी होडी फिरवतात अशा समजुतीत तो फोनवर विचारायचा, "साडेतीन कशी आहे?" दाजी म्हणायचे, "मजेत." बोलघेवड्या माणसाला खोटं बोलायला निदान दहा वाक्यं लागतात. दाजींचं एका शब्दात भागायचं.

अशातच एका शनिवारी मेहुणा घरी आला. बारीक झाला होता, पण आवाज परत आला होता. त्यानं दोन बातम्या आणल्या. डॉक्टरांनी तासभर होडीत बसायची परवानगी दिली होती. आणि तो मुलीकडे राहायला चालला होता, दूर डोंगरात, कायमचा. पुढच्या रविवारी सकाळी सामानाचा ट्रक येणार होता.

"तिकडे पाणी नळाला येतं तेवढंच," तो म्हणाला. "दाजी, जायच्या आधी एकदा न्या मला. एकदाच. मग मी कुठेही जायला तयार आहे."

"नेतो," दाजी म्हणाले. त्याच संध्याकाळी ते शेडमध्ये गेले, तीन वर्षांत पहिल्यांदा होडीच्या आत उतरले आणि तळाशी उकिडवे बसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फळी आणि फळीच्या मधून मावळतीचा उजेड आत येत होता. एक-दोन ठिकाणी नव्हे, दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटाचं नख सहज जाईल एवढ्या फटी.

दुसरा कुणी असता तर त्यानं जाणकाराला विचारलं असतं. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं होतं, की होडी तीन वर्षं पाण्यात गेलेलीच नाही. शिवाय चाळीस वर्षं या माणसानं फटीच बुजवल्या होत्या. कारखाना बंद करताना उरलेले दोन डबे घरात होतेच, ज्याच्या गुलाबी हिरड्या करतात ती पावडर आणि तिच्यात मिसळायचं औषध. दहा मिनिटांत दगडासारखं घट्ट होतं. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर दाजींनी एकेक सांध भरली, घासली, चकचकीत केली. केसभर फट शिल्लक ठेवली नाही. काम इतकं सुरेख झालं की रविवारी परत जाताना त्यांनी दारातून दोनदा वळून पाहिलं.

सोमवारी मेहुणा सुतारबाईंना घेऊन आला. होडी उतरवायचा गाडा त्यांचा होता, आणि अख्ख्या खाडीत लाकडी होड्यांची जाण असलेल्या त्या एकट्याच. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. चष्मा डोळ्यांवर गेला आणि सुतारबाई मोठ्यानं हसल्या.

"दाजी, होडीला कवळी बसवलीत?"

मग त्यांनी हातोडीच्या दांड्यानं एक सांध ठोकली, दुसरी ठोकली, आणि हसू गेलं. "हे सगळं काढावं लागेल."

"का? थेंब येणार नाही आत," दाजी म्हणाले.

"थेंब येऊ द्यायचा असतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फळ्या एकमेकींना दाबून आपोआप बसतात. तुम्ही मधे दगड भरलात. आता फुगली तर जागा कुठंय? आतल्या बरगड्या मोडतील. तासाभरात."

शेडमध्ये टेबलफॅनचा आवाज तेवढा येत होता. मेहुणा होडीकडे बघत होता.

"पण ही सुकली कशी?" तो म्हणाला. "दाजी, दर रविवारी तुम्ही हिला पाण्यात नेत होतात ना?"

आता एका शब्दात भागणार नव्हतं. दाजींनी सांगितलं. बाकडं, मनाशी केलेला निश्चय, चादर, फॅन, सगळं. शेवटी म्हणाले, "तुझ्याशिवाय एकट्यानं मजा करायची, हे मला जमेना."

मेहुणा चिडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि कुणीच कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात बोलला. "तीन वर्षं मी खिडकीशी पडून होतो. रविवारी साडेतीन वाजले की वारा कुठला आहे ते झाडाकडे बघून ठरवायचो. आता दाजींनी दोर सोडला. आता शीड भरलं. आता वळणापाशी असतील. त्यावर माझा आठवडा निघायचा, दाजी. आणि तुम्ही इथे फडकं मारत होतात."

दाजींनी हात लांब करून फॅन बंद केला.

"माझी कवळी तुम्हीच केलीत. देताना काय बजावलंत?"

"पाण्यात ठेव," दाजी म्हणाले. "कोरडी ठेवलीस तर…" चाळीस वर्षं हजारो लोकांना ऐकवलेलं ते वाक्य त्यांच्याच्यानं पुरं करवेना. मेहुणा उठून निघून गेला.

अति तेथे माती, दुसरं काय. दाजी खाली बसले आणि खरवडायला लागले. बरगड्यांचं काय, सांधांचं काय, काही डोक्यात नव्हतं. माझ्या एका माणसानं एक गोष्ट मागितली आणि ती मी जपून जपून वाळवून टाकली, एवढंच घोळत होतं. सुतारबाईंनी जवळ बसून हत्यार कसं धरायचं ते दाखवलं, म्हणजे लाकूड न दुखावता गुलाबी भाग तेवढा निघतो. संध्याकाळपर्यंत एक बाजू झाली.

मंगळवारी सकाळी दाजी पोचले तेव्हा शेडची खिडकी उघडी होती, टेबलफॅन दाराबाहेर ठेवलेला होता आणि मेहुणा दुसऱ्या बाजूला बसून खरवडत होता.

"डॉक्टरांनी बसून करायचं काम चालेल म्हटलंय," तो होडीपलीकडून म्हणाला. "आणि बोलू नका माझ्याशी. मी अजून रागावलोय." पाच मिनिटांनी त्यानंच बसमधल्या एका बाईचा आणि तिच्या बदकाचा किस्सा सुरू केला.

बुधवारी सुतारबाईंनी सांधांत कापसाची वात ठोकली आणि वरून खिडकीच्या काचांना लावतात तशी मऊ लांबी भरली, फळ्या फुगल्या की आपली आपण बाहेर सरकणारी. दुपारी होडी पाण्यात उतरली, बुडू नये म्हणून पोटाखालून पट्टे घालून धक्क्याला बांधलेली. आणि पाणी आत आलं. शंभर ठिकाणांहून आलं. दाजी बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन धावले. सुतारबाईंनी डबा हातातून काढून घेतला.

"पिऊ द्या तिला. तीन वर्षांची तहान आहे."

गुरुवारी होडीत गुडघाभर पाणी होतं. काठ तेवढे वर. दाजी धक्क्यावर बसून होते, जीव टांगणीला लागलेला. शेजारच्या फायबरवाल्यानं विचारलं, "पोहायचा हौद केलात का?" शुक्रवारी उपसलं तर पाणी पुन्हा भरलं, पण पोटरीपर्यंतच. सांधांतून लांबीची बारीक शेव बाहेर यायला लागली होती. बायको डबा घेऊन आली, धक्क्यावर दोघांच्या मधे बसली आणि म्हणाली, "एका होडीला पाणी पिताना बघायला आलेय. लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर विचार केला असता."

शनिवारी सकाळी दाजी एकटेच पुढे गेले. वाकून तळाशी हात लावला. ओलसर होतं, पण पाणी नव्हतं. त्यांनी तळहात सगळ्या सांधांवरून फिरवला. फळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे बोटांना कळेना. असं काम त्यांच्या हातून आयुष्यात एकदाही झालं नव्हतं, आणि हे तर लाकडानं स्वतःच केलं होतं. दाजी तिथेच बसले आणि रडले. त्या जुन्या लाकडाचे, सुतारबाईंचे, त्यांच्या वडिलांचे, पलीकडे बसून खरवडणाऱ्या त्या रागावलेल्या माणसाचे, सगळ्यांचेच उपकार एकदम अंगावर आले होते.

साडेतीनला दोर सोडला. मेहुण्याला सुकाणू दिलं. वारा मागच्या बाजूनं, हलका. शीड एकदा फडफडलं आणि भरलं, होडी कलली, आणि फळीपलीकडून पाणी बोलायला लागलं. मेहुण्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. वळणापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. वळणावर म्हणाला, "अगदी अशीच. मी झोपून बघायचो ना, ती अगदी अशीच होती."

"मला माफ कर," दाजी म्हणाले.

"केलं की मंगळवारीच. पण एक अट आहे. मी गेल्यावर हिला माझ्यासाठी जपायचं नाही. चालवायची. दर रविवारी. आणि मी विचारलं की 'मजेत' म्हणायचं नाही. नीट सांगायचं. वारा कुठला, पाणी किती आलं, कोण भेटलं, सगळं."

"मला बोलता कुठे येतं तेवढं?"

"शिका. वेळ आहे."

रविवारी सकाळी ट्रक गेला. बायको भावाला हात करत कोपऱ्यापर्यंत गेली आणि डोळे पुसत परत आली. दुपारी दाजींनी तिला विचारलं, "येतेस?" अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं होतं. तिनं चप्पल घातली.

बरोबर साडेतीनला फोन वाजला. मागे ट्रकच्या इंजिनाचा आवाज होता. "दाजी, साडेतीन कशी आहे?"

दाजींनी घसा साफ केला. "वारा मागून आहे, पण कालच्यापेक्षा जोर आहे," ते म्हणाले. "पाणी म्हणशील तर सकाळपासून अर्धा डबा. फायबरवाल्यानं हात केला. सुकाणू तुझ्या ताईकडे आहे. ती बोलत नाहीये, तिचं तोंड उघडं राहिलंय. आणि ऐक…" त्यांनी फोन खाली नेऊन फळीला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.