छतावरच्या पेटीतली चिप

"उद्या चिपचं डिझाइन फॅक्टरीला पाठवायचं नाही," श्रुतिका म्हणाली.

तिचा बॉस नंदकुमार खुर्चीतून अर्धा उठला. "वेड लागलंय का गं तुला? फॅक्टरीची तारीख ठरलीय. कस्टमर डोक्यावर बसलाय!"

"चूक आहे. माझ्याच भागात."

साकीनाक्याच्या त्या ऑफिसात दोन वर्षं एकच चिप घडत होती. मोठाल्या कंपन्यांत, इस्पितळांत छताला वाय-फायची पांढरी पेटी लावतात, तिच्या पोटात बसणारी. शेकडो फोन एकदम बोलू लागले की कोणाचा नंबर कधी लागायचा, हे ठरवणारा भाग श्रुतिकाचा. गर्दी फार झाली की लांबचा एखादा फोन नुसता ताटकळत राहायचा. चाचण्यांत हे क्वचित दिसलं होतं. पण दिसलं होतं.

"सॉफ्टवेअरने सांभाळून घेऊ ना यार."

"नाही होणार. एकदा सिलिकॉनवर कोरलं की कोरलं."

"मग कस्टमरला तूच सांग."

"सांगते."

तिने फोन लावून सांगितलं. चूक माझी आहे, मुदत द्या. पलीकडचा माणूस ठरलेल्या तारखा वाचून दाखवू लागला. तेव्हा नंदकुमारच खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. "ती म्हणतेय तर थांबावं लागेल," तो फोनवर म्हणाला. "जबाबदारी माझी."

चिप उशिरा निघाली. पहिला नमुना आला, त्या दिवशी सगळ्यांनी आपले, वॉचमनचे, खालच्या टपरीवाल्याचे, मिळतील तेवढे फोन गोळा करून एकदम जोडले. जिन्याच्या दाराआड ठेवलेला जुनाट फोनही, अडखळत का होईना, चालत राहिला. "झकास!" नंदकुमार ओरडला. श्रुतिका बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली.

दोनेक वर्षांनी तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गिरणी बंद पडेपर्यंत जयवंत मागावर उभे राहिलेले. मुलुंडच्या इस्पितळात तपासणीसाठी बसले असताना श्रुतिकाने छताकडे बोट केलं.

"बाबा, ती पेटी दिसते? तिच्यातली चिप आमची."

एका डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी मान वर केली. "ह्यां तू केलंस?"

"एकटीने नाही. बरेच जण होतो. पण थोडा भाग माझा."

जयवंत शेजारच्या माणसाकडे वळले. तो मोबाइलवर नातवाशी बोलत होता. स्क्रीनवर नातू खदाखदा हसत होता. "ता वर आसा ना," जयवंतांनी लेकीकडे बोट करून त्याला सांगितलं, "ता माझ्या चेडवान केल्यान."

"हो का?" म्हणून त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा नातवात रमला.

जयवंतांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. ताठ बसले, आणि उघड्या डोळ्याने त्या पेटीकडे बघत राहिले. आतून नाव पुकारलं, तरी ते लगेच उठले नाहीत.