राकेशची लेव्हल

मानवजातीचा वारसा सांभाळायला काही माणसं मुद्दाम जन्माला यावी लागतात, असं वर्तकनगरच्या सलिलचं ठाम मत होतं. वारसा म्हणजे जुने जपानी व्हिडिओ गेम. त्यांना बुरशी लागू नये म्हणून बायकोच्या साड्या कपाटातून निघून पलंगाखाली गेल्या होत्या. "मी मेले की मलाही प्लॅस्टिकच्या डबीत ठेवशील," असं सोनल म्हणायची. सलिलला ती स्तुती वाटायची.

त्यातली सर्वांत दुर्मिळ कॅसेट कोपरीच्या मीराबाईंची. त्यांचा भाऊ बोटीवर होता. त्याने ती जपानहून भाच्याला आणलेली. भाचा, म्हणजे मीराबाईंचा मुलगा राकेश, शाळेत असतानाच तापाने गेला. घरातलं गेमचं मशीन बंद पडल्यावर मीराबाईंनी कॅसेट सलिलला फुकट दिली. अट एकच: दर वर्षी राकेशच्या वाढदिवसाला येऊन पडद्यावर त्याचं नाव बघायचं. गेम लावला की त्याने जपानी अक्षरांत घातलेलं नाव दिसायचं आणि शेजारी त्याने गाठलेली लेव्हल, एक्केचाळीस.

"काकू, घर तुमचंच," सलिल म्हणाला होता. पहिल्या वर्षी त्या बघून गेल्याही.

आता, ते नाव जगत होतं कॅसेटच्या पोटातल्या बटणाएवढ्या सेलवर. जुना सेल गळला की कॅसेट नासते. सलिलने तो बदलला. सेल काढला की नाव जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाव आधी उतरवून घ्यायचं यंत्रही घरात होतं. पण ते पलंगाखाली, साड्यांच्या मागे, आणि वाकायचा कंटाळा.

वाढदिवसाला मीराबाई डब्यात खीर घेऊन आल्या. सलिलने सकाळीच नवा गेम सुरू करून नावाच्या जागी हाताला लागतील ती जपानी अक्षरं ठोकली होती. म्हातारीला कुठे वाचता येतंय!

मीराबाई चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या.

"सलिलदादा, इथं एक्केचाळीस होतं. एक कसं झालं?"

"नवा जन्म झाला काकू त्याचा," सलिल चमचा चाटत म्हणाला. "पहिल्यापासून सुरुवात. आनंद मानायचा."

"आमच्यात पुनर्जन्म मानत नाहीत हो." आवाज अजिबात चढला नाही. "माणूस एकदाच असतो. पुसलंत ना?"

मीराबाई उठल्या, त्या जुन्या टीव्हीपाशी गेल्या आणि एक्केचाळीस असायचं तिथे त्यांनी बोट टेकवलं.

"काकू," सलिल कळवळून म्हणाला, "तेवढा काचेला हात नका ना लावू. डाग पडतात."